गारा चालतील

महापेच्या प्रयोगशाळेत मी ठोकळे फोडते.
दीडशे मिलिमीटरचे, सहाही बाजू सारख्या,
अंगावर रंगाने लिहिलेलं असतं
इमारतीचं नाव, कितवा स्लॅब,
आणि जन्मतारीख.
अठ्ठावीस दिवस हौदात बुडवून ठेवलेले.
काढायचे, पुसायचे, यंत्रात ठेवायचे.
काटा सहाशे पंच्याहत्तरच्या पुढे गेला की पास.
आवाज फार होत नाही.
मोठ्या अडकित्त्यात सुपारी, इतकाच.

आप्पा तुर्भ्याच्या खाणीत होते,
खाण बंद झाली तोवर.
सुरुंगाचा धूर बसायच्या आत आत जायचे,
क्रशरच्या आधी पोचायला हवं म्हणून.
काळ्या दगडाच्या पोटात एखादी पोकळी,
मुठीएवढी, एकदा तर कळशीएवढी,
आणि आत हिरवट स्फटिक,
सगळी टोकं एकमेकांकडे,
आपसात काही चाललं असताना
कुणी दार ढकलावं तसे गप्प.
शेठ स्कूटरवरून यायचा.
वर्तमानपत्रात गुंडाळून न्यायचा. वीस रुपये.
एक आईने दिला नाही.
तो अजून पिठाच्या डब्यामागे आहे.

डिप्लोमाला बाईंनी फळ्यावर लिहिलं,
खनिज कशाला म्हणावं:
आपोआप झालेलं. घन. जिवातून न आलेलं.
घटक ठरलेले, आत कणांची रांग ठरलेली.
त्या संध्याकाळी मी घरभर हिंडले.
वीट: माती होती, भट्टीत गेली. बाद.
खिडकीची काच: वाळूचीच,
पण रांग लागायच्या आत थिजलेली गर्दी. बाद.
सिमेंट तर चुनखडी भाजून, दळून, पोत्यात शिवून.
जोत्याचा काळा दगड?
तो खडक. खनिजांची चाळ म्हणा,
खनिजं तिच्यातली बिऱ्हाडं.
बरणीतलं मीठ?
बाई म्हणाल्या, मिठागराचे वाफे माणसाने बांधले,
तेव्हा ते नको. डोंगरातलं सैंधव चालेल.
फ्रीजमधला बर्फ नाही.
गारा चालतील.

आप्पा ऐकत होते, पायाच्या भेगेत मेण भरत.
"म्हणजे माणसाचा हात लागला की बाद?"
थोड्या वेळाने, "बरंय."

आता ते सानपाड्याला एका सोसायटीत
रात्रपाळीला बसतात.
परवा मला तळघरातल्या पार्किंगमध्ये नेलं.
तुळईखाली, जिथे वरची टाकी पाझरते,
एक पांढरी नळी लोंबत होती,
शेवयीपेक्षा जाड, टोकाला थेंब.
दोन वर्षं ते केरसुणीच्या हिराने मोजताहेत.
हिरावर नखाने खुणा. वीतभर झाली.
"कुणी केलं हे?"
कुणी नाही, आप्पा.
पाणी काँक्रीटमधून उतरलं, चुना घेऊन आलं,
हवा लागली, तो इथे बसला.
गुहेत बसतो तोच. आत रांगसुद्धा तीच.
"मग लिही खनिज."

मी पुस्तक पाहून आले होते.
पुस्तक म्हणतं, छत माणसाचं आहे.

त्यांनी वर पाहिलं.
चाळीस वर्षं त्यांनी दगड काढला,
त्याची खडी झाली, खडीचं हे छत.
त्यांना हे मी सांगायची गरज नव्हती.
"पाण्याला माहीत होतं का," ते म्हणाले,
"छत कुणाचं ते?"

सोमवारी वॉटरप्रूफिंगवाला येणार आहे.
सेक्रेटरींनी माझ्याकडून कागद मागितला,
मी प्रयोगशाळेत आहे म्हणून.
मी लिहिलं: गळती. तुळई क्रमांक चौदा.
लोणा, पांढरा.
शेऱ्याच्या रकान्यात जागा होती, सोडून दिली.

निघताना पाहिलं,
नळीच्या बरोबर खाली गाडीची जागा रिकामी,
आणि खडूने आप्पांच्या अक्षरात,
ज्यांना सही पलीकडे लिहिताना कधी पाहिलं नव्हतं:
इथे लाऊ नये.
वर थेंब धरलेला होता.
पडला नाही मी असेपर्यंत.